ताईचा रिपोर्ट आणि प्रथिनांवर उमटणाऱ्या खुणा

गेल्या आषाढात गिरगावहून ताईचा फोन आला, तेव्हा तिच्या आवाजावरूनच काहीतरी बिनसले आहे हे मला कळले. वार्षिक तपासणीचा रिपोर्ट नुकताच हाती आला होता आणि त्यात एचबीएवनसी ६.७ टक्के होते. ६.५ च्या पुढे मधुमेह, ही ओळ रिपोर्टच्या तळाशी छापलेलीच होती. त्यामुळे डॉक्टरांकडे जाण्याआधीच तिने स्वतःचे निदान करून टाकले होते, सकाळच्या चहातली साखर बंद केली होती आणि आमच्या वडिलांच्या मधुमेहाची सारी वर्षे तिच्या डोळ्यांसमोर उभी राहिली होती. मी जीवरसायनशास्त्र शिकवते, म्हणून तिने मला विचारले, "अगं, उपाशीपोटीची साखर ९४ आहे, जेवणानंतरची १२६ आहे, मग हा एकच आकडा एवढा कसा?" मी तिला रिपोर्टचे पहिले पान वाचायला सांगितले. हिमोग्लोबिन ८.७ होते, म्हणजे बरेच कमी.

त्या संध्याकाळी तिला फोनवर जे अर्धेमुर्धे समजावले, ते सविस्तर लिहून काढावे असे तेव्हापासून मनात आहे. वर्गात मी हा विषय वर्षानुवर्षे शिकवत आले, पण घरातल्या माणसाच्या रिपोर्टवर तो समोर आला तेव्हा तो किती जवळचा आहे हे मला नव्याने जाणवले.

एचबीएवनसी म्हणजे 'तीन महिन्यांची साखर' असे आपण सहज म्हणतो. प्रत्यक्षात ती तपासणी रक्तातल्या साखरेला हातच लावत नाही. साखरेने हिमोग्लोबिन या प्रथिनावर सोडलेली खूण ती मोजते. हिमोग्लोबिनच्या रेणूत चार साखळ्या असतात. त्यांपैकी दोन बीटा साखळ्या, प्रत्येकी १४६ अमिनो आम्लांच्या (म्हणजे प्रथिनाच्या साखळीतल्या कड्यांच्या), आणि त्यांच्या सुरुवातीला व्हॅलिन हे अमिनो आम्ल असते. रक्तातला ग्लुकोज या मोकळ्या टोकाला जाऊन चिकटतो. त्यासाठी कोणतेही एन्झाइम, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन, लागत नाही, शरीराने तसा आदेशही दिलेला नसतो. दोन रेणू एकमेकांच्या सहवासात पुरेसा काळ राहिले की हे आपोआप घडते. सुरुवातीचा बंध सैल असतो आणि सुटूही शकतो, पण पुढे त्या रेणूची अंतर्गत मांडणी बदलते आणि मग ग्लुकोज तिथे कायमचा बसतो. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते आणि तिच्यात केंद्रक नसल्यामुळे जुने हिमोग्लोबिन टाकून नवे घडवणे तिला शक्य नसते. त्यामुळे ती पेशी जितके दिवस रक्तात फिरली आणि त्या काळात जितकी साखर तिच्या आसपास होती, त्याचा हिशेब तिच्या हिमोग्लोबिनवर साठत जातो. मधुमेही रुग्णांच्या रक्तात असे वेगळे हिमोग्लोबिन अधिक असते हे समुएल रहबर या इराणी शास्त्रज्ञाने तेहरानमध्ये १९६८ साली दाखवून दिले, आणि जागतिक आरोग्य संघटनेने मधुमेहाच्या निदानासाठी ६.५ टक्के ही मर्यादा स्वीकारली ती २०११ साली.

हीच रसायनक्रिया आपण स्वयंपाकघरात रोज पाहतो. बासुंदीसाठी दूध आटत असताना त्याला जी बदामी छटा येते, किंवा तव्यावरच्या भाकरीला जे तपकिरी ठिपके पडतात, ते साखर आणि प्रथिने एकत्र तापल्याने होते. लुई कामील मेलार्ड या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ साली तिचे वर्णन केले होते आणि ती आजही त्याच्याच नावाने ओळखली जाते. चुलीवर जे काही मिनिटांत घडते तेच शरीराच्या ३७ अंश तापमानात आठवडे घेते, इतकाच काय तो फरक. वर्गात मी हे सांगते तेव्हा मुले एकदम सावरून बसतात, कारण आपल्या अंगात अतिशय मंद आचेवर काहीतरी सतत भाजले जात आहे ही कल्पना विसरता येण्यासारखी नाही.

आता ताईच्या रिपोर्टकडे वळू. हा आकडा साखरेच्या प्रमाणावर जितका अवलंबून आहे, तितकाच तांबड्या पेशींच्या वयावरही आहे. शरीरात लोह कमी पडले की नव्या पेशी पुरेशा तयार होत नाहीत आणि रक्तात जुन्या पेशींचा वाटा वाढतो. जुन्या पेशींवर खुणा जास्त असल्यामुळे साखर नेहमीसारखी असूनही एचबीएवनसी वर सरकलेले दिसू शकते. ज्या आजारांत तांबड्या पेशी लवकर फुटतात तिथे याच्या नेमके उलट होते आणि खरोखरच वाढलेली साखर झाकली जाते. रक्तस्राव झाल्यावर किंवा रक्त चढवल्यावरही काही काळ हा आकडा विश्वासार्ह राहत नाही. थॅलेसेमिया या हिमोग्लोबिनच्या आनुवंशिक विकाराचे वाहक असलेली कितीतरी कुटुंबे मुंबईत आहेत. त्यांचा रिपोर्टही असाच जपून वाचावा लागतो. आपल्या देशात ही बाब किरकोळ समजता येणार नाही. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्ताची कमतरता, म्हणजे अ‍ॅनिमिया आढळला, आणि भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे. एवढ्या मोठ्या संख्येने हे दोन्ही विकार एकाच समाजात, पुष्कळदा एकाच घरात असताना हिमोग्लोबिन न पाहता केवळ एचबीएवनसीवर निष्कर्ष काढणे मला धोक्याचे वाटते. ताईच्या रिपोर्टवर हे दोन्ही आकडे होते, पण वेगवेगळ्या पानांवर, आणि त्यांचा एकमेकांशी काही संबंध आहे असे सांगणारी एकही ओळ कुठे नव्हती.

ही झाली शरीराने न मागता उमटलेली खूण. पण याच पद्धतीने, म्हणजे घडून तयार झालेल्या प्रथिनावर नंतर एखादा छोटा रासायनिक गट बसवून, पेशी आपला सगळा चयापचय चालवते, आणि माझ्या मते जीवरसायनशास्त्रातला सर्वांत सुंदर भाग तोच आहे. आपल्या जनुकसंचात प्रथिनांची सुमारे २०,००० जनुके आहेत. एवढ्या संख्येवर पेशीचे अगणित व्यवहार, तेही क्षणाक्षणाला बदलणारे, कसे भागतात, या प्रश्नाचे बरेचसे उत्तर या नंतरच्या बदलांत आहे. जनुकापासून नवे प्रथिन घडवायला वेळ लागतो. तयार प्रथिनावर फॉस्फेटचा एक गट बसवायला क्षण पुरतो.

दादरच्या पुलावरून उतरताना आपली लोकल फलाटावर उभी दिसते आणि आपण धावतो, ते काही सेकंद घ्या. स्नायूंमध्ये ग्लुकोज ग्लायकोजेनच्या रूपात साठवलेला असतो. तो सोडवणारे एन्झाइम, ग्लायकोजेन फॉस्फोरिलेज, स्नायूत आधीपासूनच हजर असते, पण विश्रांतीच्या वेळी सुस्त असते. धावायचे ठरताच अ‍ॅड्रिनलिन हे संप्रेरक रक्तात येते, त्याचा निरोप एका एन्झाइमकडून दुसऱ्याकडे पोहोचवला जातो आणि अखेर फॉस्फोरिलेजच्या ८४० हून अधिक अमिनो आम्लांच्या लांब साखळीत चौदाव्या जागी असलेल्या सेरीन या अमिनो आम्लावर फॉस्फेटचा एक गट बसतो. त्या एका गटाने सबंध प्रथिनाचा आकार थोडा बदलतो आणि ते कामाला लागते. त्याच वेळी ग्लायकोजेन तयार करणाऱ्या दुसऱ्या एन्झाइमवरही फॉस्फेट बसतो, पण त्याचा परिणाम उलटा होतो: ते थांबते. म्हणजे साठा काढायचे दार ज्या खुणेने उघडले, त्याच खुणेने साठा करण्याचे दार बंद झाले. गाडीत बसायला जागा मिळाली आणि श्वास शांत झाला की फॉस्फेट काढणारी एन्झाइमे त्या खुणा पुसतात.

हे कोडे १९५० च्या दशकात सिअ‍ॅटल येथे एडमंड फिशर आणि एडविन क्रेब्स यांनी उलगडले. त्यामागची एक हकिकत मी दरवर्षी मुलांना सांगते. स्नायूचा अर्क स्वच्छ करण्याची जुनी पद्धत कागदातून गाळण्याची होती. या दोघांनी त्याऐवजी आधुनिक यंत्राने गाळ खाली बसवला, तर एन्झाइमचे सक्रिय रूप मिळेचना. पुन्हा गाळण कागद वापरला की मिळायचे. शोध घेता असे दिसले की कागदातून अर्कात अगदी थोडे कॅल्शियम उतरत होते आणि त्या कॅल्शियममुळे फॉस्फेट बसवणारे एन्झाइम जागे होत होते. स्नायू आकुंचन पावतो तोही कॅल्शियमच्याच इशाऱ्यावर. म्हणजे हालचाल आणि त्या हालचालीचे इंधन यांना शरीराने एकाच संकेताने बांधून ठेवले आहे. फिशर आणि क्रेब्स यांना या कामासाठी १९९२ साली नोबेल पारितोषिक मिळाले. मधल्या काळात हे स्पष्ट झाले होते की ही युक्ती केवळ ग्लायकोजेनपुरती नाही. माणसाच्या शरीरात फॉस्फेट बसवणारी ५०० हून अधिक एन्झाइमे आहेत.

इन्सुलिनचे कामही या खुणांच्याच भाषेत चालते. जेवणानंतर स्वादुपिंडातून निघालेले इन्सुलिन पेशीच्या आत शिरत नाही. ते पेशीच्या पृष्ठभागावरील ग्राही प्रथिनाला बाहेरूनच जुळते, आणि त्या ग्राहीची आतली बाजू स्वतःच्याच टायरोसिन या अमिनो आम्लांवर फॉस्फेट बसवते. तिथून निरोप आत जातो, एकामागून एक प्रथिनांवर खुणा उमटतात आणि शेवटी ग्लूट-४ नावाची ग्लुकोज आत घेणारी प्रथिने पेशीच्या आतून पृष्ठभागावर येतात. निरोप्याचे काम करणाऱ्या मधल्या प्रथिनावर योग्य जागी, म्हणजे टायरोसिनवर, फॉस्फेट बसला की निरोप पुढे जातो. तो शेजारच्या काही सेरीनांवर बसला की निरोप मंदावतो. यकृतात आणि स्नायूंमध्ये जागा नसताना साठलेली चरबी आणि शरीरात रेंगाळणारा सौम्य दाह यांमुळे असे चुकीच्या जागचे फॉस्फेट वाढतात, आणि ज्याला आपण इन्सुलिन-प्रतिरोध म्हणतो त्यातली ती एक महत्त्वाची कडी मानली जाते. दारावर टकटक होत असते, पण आतला निरोप्या जागचा हलत नाही. मग स्वादुपिंड अधिकाधिक इन्सुलिन सोडत राहते आणि काही वर्षांनी थकते. वडिलांच्या बाबतीत हे सारे माझ्या डोळ्यांसमोर घडले आणि तेव्हा मला त्यातले काहीच कळत नव्हते, याचे वाईट आजही वाटते.

सुदैवाने स्नायूला ग्लुकोज मिळवण्याचा आणखी एक मार्ग आहे आणि तो इन्सुलिनवर अवलंबून नाही. स्नायू काम करू लागला की त्यातील ऊर्जेचे चलन खर्ची पडते, आणि ही चणचण ओळखणारे एएमपीके नावाचे एन्झाइम जागे होते. त्याच्यावरही एका ठरावीक जागी फॉस्फेट बसावा लागतो. हे एन्झाइम आणि स्नायूच्या आकुंचनातून निघणारे इतर संकेत ग्लूट-४ ला पृष्ठभागावर आणतात. तेच एन्झाइम चरबी तयार करणाऱ्या एका मुख्य एन्झाइमवर फॉस्फेट बसवून त्याला थांबवते, कारण ऊर्जेची टंचाई असताना साठवण करण्यात अर्थ नसतो. संध्याकाळी शिवाजी पार्कच्या कट्ट्याभोवती फेऱ्या मारणारी माणसे पाहते तेव्हा मला हे हटकून आठवते. ज्यांच्या पेशी इन्सुलिनचे ऐकेनाशा झाल्या आहेत त्यांच्याही पायांचे स्नायू चालताना रक्तातली साखर उचलत असतात. जेवणानंतर शतपावली करावी हे आपल्या आजीने सांगितले होते. डॉक्टरांनी सांगितले की ते आपण औपचारिक सल्ला म्हणून ऐकतो आणि सोडून देतो. त्या सल्ल्यामागे प्रत्यक्ष रेणूंची हालचाल आहे हे एकदा कळले की चालण्याकडे पाहण्याची दृष्टी बदलते, निदान माझी तरी बदलली.

फॉस्फेटखेरीज दुसरी मोठी खूण अ‍ॅसिटिल गटाची. अन्नातल्या साखरेचे आणि चरबीचे विघटन होऊन पेशीत जो अ‍ॅसिटिल-कोए तयार होतो, तोच या खुणेचा कच्चा माल असतो. म्हणजे इंधन आणि शाई एकच. डीएनए ज्या हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो त्यांवर या खुणा उमटल्या की तिथली जनुके वाचायला मोकळी होतात, हे व्हिन्सेंट ऑलफ्री यांनी १९६४ मध्ये सुचवले होते. खुणा पुसणारी सर्ट्युइन नावाची एन्झाइमे एनएडी या रेणूशिवाय काम करत नाहीत, आणि एनएडीची स्थिती पेशीत अन्न भरपूर आहे की टंचाई आहे यावर ठरते. या सुंदर जोडणीचा आधार घेऊन एनएडी वाढवण्याच्या महागड्या गोळ्या हल्ली बाजारात आल्या आहेत. उंदरांवरील प्रयोगांचे निष्कर्ष उत्साहवर्धक असले, तरी त्या गोळ्यांनी माणसाचे आयुष्य वाढते असा दावा करण्याइतका पुरावा आज नाही, आणि माझे विद्यार्थी विचारतात तेव्हा मी त्यांना हेच स्पष्टपणे सांगते.

काही खुणा जीवनसत्त्वांशिवाय उमटतच नाहीत. रक्त गोठवणाऱ्या काही प्रथिनांवर कार्बोक्झिल गट बसवण्यासाठी के जीवनसत्त्व लागते. रक्त पातळ ठेवणाऱ्या काही गोळ्या याच टप्प्यावर अडथळा आणतात, म्हणून त्या घेणाऱ्यांना पालेभाज्यांचे प्रमाण एकदम वाढवू किंवा घटवू नका असे सांगितले जाते. त्वचेला आणि सांध्यांना बळकटी देणाऱ्या कोलॅजेन या प्रथिनातील प्रोलिन या अमिनो आम्लावर हायड्रॉक्सिल गट बसवायला क जीवनसत्त्व, ऑक्सिजन आणि लोह लागते. जुन्या काळी खलाशांच्या हिरड्यांतून रक्त येई ते या खुणेच्या अभावी. पेशीला ऑक्सिजनची कमतरता जाणवते तीही याच प्रकारच्या खुणेतून, आणि ती यंत्रणा उलगडल्याबद्दल विल्यम केलिन, पीटर रॅटक्लिफ आणि ग्रेग सेमेंझा यांना २०१९ चे नोबेल मिळाले. ताईला कमी पडलेले लोह केवळ हिमोग्लोबिनपुरते नसते, ते अशा एन्झाइमांच्या गाभ्यातही असते. अ‍ॅस्पिरिन तर स्वतःच प्रथिनावर खूण करते: रक्त गोठण्यास मदत करणाऱ्या प्लेटलेट या पेशीतल्या एका एन्झाइमच्या सेरीनवर ते आपला अ‍ॅसिटिल गट कायमचा सोडून जाते. तांबड्या पेशीप्रमाणे प्लेटलेटलाही केंद्रक नसते, म्हणून तिला नवे एन्झाइम घडवता येत नाही आणि एका छोट्या गोळीचा परिणाम तिच्या उरलेल्या आयुष्यभर टिकतो.

पुसता येणाऱ्या आणि न पुसता येणाऱ्या खुणांमधला हा फरक आरोग्याच्या दृष्टीने मला सर्वांत मोलाचा वाटतो. हिमोग्लोबिनवर चिकटलेली साखर काढता आली नाही तरी चार महिन्यांत ती पेशीच मोडीत निघते. पण त्वचेतले कोलॅजेन अनेक वर्षे आणि सांध्यांच्या कूर्चेतले तर दशकानुदशके टिकते, आणि डोळ्याच्या भिंगाच्या मध्यभागातली प्रथिने जन्मापासून शेवटपर्यंत तीच राहतात. त्यांच्यावर चिकटलेल्या साखरेचे पुढे आणखी बदल होऊन शेजारशेजारचे धागे एकमेकांना जखडले जातात. रक्तवाहिन्या ताठर होण्यात आणि मधुमेहात मोतीबिंदू लवकर येण्यात अशा जोडण्यांचा वाटा आहे. अमेरिका आणि कॅनडात १९८३ ते १९९३ या काळात पहिल्या प्रकारच्या मधुमेहाच्या १,४४१ रुग्णांवर एक मोठा अभ्यास झाला. एका गटाची साखर काटेकोरपणे आटोक्यात ठेवली होती, दुसऱ्याची त्या काळच्या रीतीप्रमाणे. अभ्यास संपल्यावर दोन्ही गटांचे एचबीएवनसी जवळपास सारखे झाले, तरीही ज्यांनी पहिली वर्षे सांभाळली होती त्यांचे डोळे आणि मूत्रपिंडे पुढे अनेक वर्षे अधिक चांगली राहिली. शरीराने ती वर्षे लक्षात ठेवली होती. त्याची कारणे एकाहून अधिक आहेत, पण त्वचेच्या नमुन्यांतील कोलॅजेनवर साखरेच्या खुणा जितक्या अधिक, तितकी गुंतागुंत अधिक, असेही त्याच रुग्णांमध्ये दिसून आले. वडिलांचा मधुमेह उशिरा कळला, म्हणून हा अभ्यास मी तटस्थपणे वाचू शकत नाही.

ताईच्या डॉक्टरांनी पुढच्या भेटीत दोन्ही पाने शेजारी ठेवून पाहिली. पाळीच्या वेळचा अतिरिक्त रक्तस्राव गेली दोन वर्षे चालू होता आणि तिने तो 'या वयात व्हायचेच' म्हणून कोणालाही सांगितला नव्हता. त्यावर उपचार झाले, लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या आणि मधुमेहाचे औषध तूर्त न देता सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी करायचे ठरले. भावजींनी गोळ्यांची वेळ सांभाळण्याचे काम अंगावर घेतले. गेल्या महिन्यात हिमोग्लोबिन १२.१ आणि एचबीएवनसी ५.९ आले. ५.७ ते ६.४ ही मधुमेहाच्या उंबरठ्याची पातळी समजली जाते, त्यामुळे वडिलांचा इतिहास पाहता तिला गाफील राहता येणार नाही, हे मी तिला लपवून ठेवले नाही. रात्री जेवणे आटोपल्यावर दोघे ठाकूरद्वारहून चौपाटीपर्यंत चालत जातात आणि परत येतात. आषाढात ज्या पेशींच्या हिमोग्लोबिनवरून तो ६.७ चा आकडा आला होता, त्यांतली एकही आता तिच्या रक्तात उरलेली नाही.